नापास होण्यासाठी घेतलेलं पिस्तूल

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला एखादं काम वाईट करता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय.

त्याचं नाव व्हर्लन स्टॅगनर. आमच्या मेस्किट वेल्स गावाच्या आसपास गुरांना पाणी चढवणाऱ्या जेवढ्या पवनचक्क्या अजून फिरतात, त्यातल्या बहुतेकींवर तो कधी ना कधी चढलेला आहे. एकदा एका रँचवाल्यानं त्याचे पैसे बुडवले आणि वर निर्लज्जपणे फाटक बसवायला बोलावलं. व्हर्लन घरातून निघतानाच म्हणाला, "आज असं फाटक बसवतो की पहिल्या वाऱ्याला लोंबकळेल." आणि गेला तो दिवसभर गेला. बिजागरी केसभर तिरकी होती म्हणून दोनदा काढून परत बसवली म्हणे. ते फाटक अजून एका बोटानं उघडतं. माझी बहीण ओलेटा त्यावर पोट धरून हसली होती. "माझा नवरा सूडसुद्धा नीट घेतो," असं ती चारचौघींत सांगायची.

तेव्हा ती हसायची. आता तिला ते फाटकही आठवत नाही आणि तो रँचवालाही.

तिच्या आजाराचं नाव सांगत बसत नाही, सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी असतंच. चमचे फ्रिजमध्ये सापडायला लागले, मग ती मला आमच्या आईच्या नावानं हाक मारायला लागली. लबक शहरातल्या डॉक्टरनं सगळं नीट समजावून सांगितलं. व्हर्लननं एकच प्रश्न विचारला, "मला ओळखेल ना?" डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला सगळ्यात शेवटी विसरतील. पण विसरतील."

पण रविवारची गोष्ट वेगळी होती. चर्चमध्ये पियानो वाजायला लागला की ओलेटाचे खांदे सरळ व्हायचे. जन्मभर कॉयरमध्ये गायलेली बाई ती. सगळ्या भजनांची सगळी कडवी तिला येत, पुस्तक न उघडता. आणि गाता गाता ती स्वतःच परत यायची. मला माझ्या नावानं, 'जोडेल' अशी हाक मारायची, शेजारणीच्या टोपीला नावं ठेवायची, पास्टरचं प्रवचन लांबलं की माझ्या कमरेत कोपर खुपसायची. आठवड्यातला तेवढा एक तास माझी बहीण मला धडधाकट मिळायची.

आणि तो तास व्हर्लन तिच्यापासून सगळ्यात लांब, शेवटच्या बाकावर, दाराशी बसून काढायचा.

कारण व्हर्लन आमच्या चर्चचा राखणदार. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा दुसऱ्या राज्यात एक माणूस बंदूक घेऊन चर्चमध्ये शिरला. ती बातमी आल्यावर पास्टरनं वेदीवरून विचारलं की आपल्या दाराकडे कोण बघणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. व्हर्लन उभा राहिला. मग कॉय प्रुइट उभा राहिला, आणखी एक जण उभा राहिला. तेव्हापासून हे तिघं रविवारी शर्ट बाहेर सोडून येतात. आमच्याकडे चर्चमध्ये शर्ट बाहेर सोडलेला माणूस दिसला की शर्टाखाली पिस्तूल आहे असं समजून जायचं. त्यांचे नियम कॉयनं घालून दिलेत. शेवटचा बाक, कडेची जागा, उजवा हात मोकळा, शेजारी कुणी नाही. आणि प्रार्थनेला सगळे मान खाली घालतात तेव्हा त्यांनी मान वर आणि डोळे उघडे ठेवायचे.

ओलेटाला मागे नेऊन बसवावं, तर ते जमत नव्हतं. दार दिसलं की ती चालायला लागते, आणि चर्चच्या दारासमोरून तेलाचे ट्रक धडाडत जातात. म्हणून ती माझ्याजवळ तिसऱ्या बाकावर. दर रविवारी पहिलं भजन संपलं की ती इकडेतिकडे बघायची.

"व्हर्लन कुठंय?"

"मागे बसलाय."

"मागे? का गं? आमचं भांडण झालंय का?"

"नाही गं बाई."

"मग त्याला म्हणावं इकडे ये. एवढा मोठा बाक रिकामा पडलाय."

हे मी किती रविवार ऐकून घ्यायचं? एक दिवस चर्चनंतर त्यांच्या स्वयंपाकघरात बीन्स गरम करता करता मी त्याला धरलाच.

"कॉयला सांग ना सरळ, की मला आता बायकोजवळ बसायचंय."

"तसं नाही सांगता येत."

"का? तोंडाला कुलूप लागलंय?"

तो मक्याच्या पावाचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिला. मग म्हणाला, "मधे चौथा म्हणून आलेल्या वेंडेलनं पाठीचं कारण सांगून यातून अंग काढून घेतलं होतं, आठवतं? तेव्हा सगळ्यांसमोर कोण बोललं होतं, की प्रत्येकानं कारण काढलं तर दाराशी कोण बसणार?"

"तू."

"मी. वेंडेल त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आता मी काय तोंडानं कारण सांगू?"

"वेंडेल गेला खड्ड्यात. तुझी बायको तिथं तुझी वाट बघते, व्हर्लन. शुद्धीवर असते तेव्हा."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "मागून दिसतं मला सगळं. ती वळून बघते तेही दिसतं."

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. मी म्हटलं, "मग नापास हो! दर वसंतात कॉय तुमची नेमबाजीची परीक्षा घेतो ना? त्यात नापास झालेल्याला कुणी काही बोलत नाही. हात थकले, डोळे थकले, झालं. मानानं सुट्टी."

 बापाकडून आलेलं एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर तो कमरेला लावायचा आणि त्या रिव्हॉल्व्हरनं तो खांबातला खिळाही उडवू शकायचा, हे सगळ्या गावाला माहीत. तो म्हणाला, "ते वापरून चुकलो तर कॉय विश्वास ठेवणार नाही."

"मग दुसरं घे. ज्यानं सगळेच चुकतात असं."

आमच्या बोलण्याकडे ओलेटाचं लक्ष नव्हतं. ती कपाटातल्या बश्या काढून मोजत होती आणि परत ठेवत होती.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी डेलबर्टच्या दुकानात गेलो. तिथं काचेखाली पिस्तुलं मांडलेली असतात आणि भिंतीवर हरणांची डोकी. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला डेलबर्ट सगळ्यात चिमुकलं पिस्तूल दाखवतो, कारण ते पर्समध्ये मावतं. बायका खूश होतात, घरी जाऊन एकदा उडवतात आणि आयुष्यभर ड्रॉवरमध्ये ठेवतात.

"माझी कंबर दुखते आता पट्ट्यानं," व्हर्लननं त्याला सांगितलं. "पँटच्या खिशात मावेल असं काहीतरी दे."

डेलबर्टनं एक मधलं काढलं. "हे घे. खिशात थोडं जड वाटेल, पण हातात बसतं."

व्हर्लननं ते हातात धरलं, रिकामं आहे ना ते बघितलं, भिंतीकडे नेम धरला आणि परत दिलं. "याहून लहान?"

"याहून लहान आहे." डेलबर्टनं तळहाताएवढं एक काळं पिस्तूल काचेवर ठेवलं. "पण तुला खरं सांगू? हे लहान दिसतं म्हणून लोकांना सोपं वाटतं. हलकं आहे ना, त्यामुळे सगळा धक्का तुझ्या हातात येतो. मूठ एवढीशी, करंगळीला जागाच नाही. चाप लांब आणि कडक, ओढता ओढता नळी हलते. आणि नेम धरायच्या खुणा बघ, तांदळाच्या कणीएवढ्या. कुणी अंगावर आलं तर ठीक, चर्चच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मारायचं तर विसर."

"म्हणजे नेम लागतच नाही?"

"तुझ्या वयाला? नाही."

"हेच दे," व्हर्लन म्हणाला.

डेलबर्टनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी या माणसाला समजवावं. मी हरणांकडे बघत राहिले.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. घरामागच्या मातीच्या बांधावर व्हर्लननं पुठ्ठा लावला आणि उडवायला लागला. मी ओलेटाला कानांवर आवाज अडवणारे जाड मफ्स घालून ओट्यावर बसवलं. पहिल्या दिवशी गोळ्या कुठेही गेल्या. एक पुठ्ठ्याला लागली, दोन बांधात, एक बहुतेक शेजारच्या काउंटीत. अंगठ्याजवळची कातडी लाल झाली होती. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता इतका खुललेला होता. ओलेटाच्या खुर्चीजवळ बसून म्हणाला, "थोडे दिवस थांब, मग मी तुझ्याजवळच बसणार आहे चर्चमध्ये."

"बस की," ओलेटा म्हणाली. "मी कधी नको म्हटलं?"

मी त्याला बजावलं, "आता त्या पिस्तुलाला परीक्षेपर्यंत हात लावायचा नाही. लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी परत आवाज. तिसऱ्या दिवशी परत. मी मागे गेले तर हा माणूस ओट्यावर बसून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापत होता आणि पिस्तुलाच्या मुठीवर घट्ट गुंडाळत होता.

"हे काय चाललंय?"

"करंगळी घसरत होती," तो म्हणाला.

"घसरू दे की मेली! तीच तर आपल्याला हवीय ना घसरायला?"

"हो, पण..." त्यानं मूठ धरून बघितली. "चाप मी जास्त ओढत होतो. नुसतं बोटाच्या पेरानं, हळू, सारखं दाबत गेलं की नळी हलत नाही. डेलबर्टला माहीत नाही."

पुठ्ठ्याकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या काळ्या ठिपक्याच्या आजूबाजूला सगळी भोकं. हातानं झाकता आली असती.

"परीक्षेत मुद्दाम चुकेन," तो म्हणाला. ओशाळला होता. "मुद्दाम चुकणं सोपं आहे."

परीक्षा कॉयच्या शेताजवळच्या मुरमाच्या खाणीत होती. कॉय प्रुइट हा चारा-खताच्या दुकानाचा मालक, चाळिशीतला, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. चांगला आहे. मी त्याला वाईट म्हणणार नाही, म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. लाकडी चौकटीवर माणसाच्या आकाराचे पुठ्ठे ठोकलेले होते आणि छातीवर एक चौकोन आखलेला होता. बहुतेक गोळ्या त्या चौकोनात गेल्या तर पास. मी आणि ओलेटा पिकअपमध्ये काचा वर करून बसलो होतो, तिच्या कानांवर ते मफ्स.

तिसरा राखणदार परीक्षा देऊन आधीच घरी गेला होता. कॉयनं स्वतःची परीक्षा दिली आणि पास झाला. मग व्हर्लन पुढे आला. खिशातून ते चिमुकलं पिस्तूल काढलं तेव्हा कॉय खो खो हसला.

"अरे, हे काय? बायकोचं उचलून आणलंस?"

व्हर्लननं गोळ्या भरलेलं मॅगझिन आत बसवलं. पाय रोवून उभा राहिला. शेजारून ओलेटा म्हणाली, "व्हर्लन आहे तो. उभा कसा राहिलाय बघ." म्हणजे त्या दिवशी ती त्याला पाठमोरा ओळखत होती.

त्यानं मॅगझिन रिकामं केलं. कॉय आणि तो पुठ्ठ्यापाशी चालत गेले, आणि मी काच खाली केली. चौकोनात एकही गोळी नव्हती. छातीत एकही नव्हती. मला वाटलं, जमलं एकदाचं!

कॉय वाकून बघत होता. मग त्यानं आपला अंगठा पुठ्ठ्यावर ठेवला, डाव्या खांद्याच्या अगदी बाहेरच्या कडेला. अंगठा उचलला, परत ठेवला.

"व्हर्लन," तो म्हणाला, "सगळ्या इथून गेल्यात. सगळ्या एका भोकातून."

व्हर्लनला चुकायचंसुद्धा वेडंवाकडं जमलं नव्हतं. त्यानं चुकण्यासाठी एक जागा निवडली होती आणि तिथं नेम धरला होता.

कॉयनं ते पिस्तूल हातात घेतलं, भरलं, शेजारच्या पुठ्ठ्यावर स्वतः उडवलं. पायापाशी, कानापाशी, एक तर चौकटीच्या लाकडात. "हात मोडेल माझा! हे असलं घेऊन तू एका भोकातून मारतोस? तुझ्या नेमाची खूणच डावीकडे गेलीय, बाकी काही नाही. उजवीकडे धर आणि परत मार."

"कॉय," व्हर्लन म्हणाला, "मी आता म्हातारा झालोय."

मी मनात म्हटलं, सांग. आता सांगून टाक. ती इथं गाडीत बसलीय, बोट दाखव तिच्याकडे.

कॉयनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याचा मोठा आवाज एकदम खाली आला, पण खाणीत सगळं ऐकू येतं. "तुला एक सांगू? दाराशेजारच्या खोलीत माझ्या जुळ्या पोरी असतात, पाळणाघरात. तू मागे बसतोस म्हणून त्यांची आई त्यांना तिथं ठेवू देते. मी बसतो म्हणून नाही ठेवत, माझा नेम तिनं बघितलाय. ओलेटा तिसऱ्या बाकावर असते, तिच्या पाठीमागून कोण येईल आत, ते तुझ्याशिवाय कोण बघणार?"

व्हर्लननं कॉयच्या हातातून पिस्तूल परत घेतलं. मग त्यानं मॅगझिन भरलं, पाय रोवले आणि सगळ्या गोळ्या चौकोनात घातल्या.

"बघितलंस?" ओलेटा मला म्हणाली. "माझा नवरा आहे तो."

 घरी पोचल्यावर मला राहवलं नाही. "एवढंसं वाकडं मारता आलं नाही तुला? एकदा, फक्त एकदा?"

"दुसऱ्यांदा मारता आलं असतं," तो म्हणाला. "पण मग मी तिच्याजवळ डोळे मिटून बसलो असतो, आणि माझ्या डोक्यात सारखं तेच, की मागे कोण आहे. जोडेल, मला कुठंच बसता येत नाही गं आता. मागे बसलो तरी नाही, पुढे बसलो तरी नाही."

मी त्याच्या ताटात बीन्स वाढल्या.

उन्हाळा सुरू झाला. चर्चमधला एसी दात वाजेपर्यंत चालवतात, तसा चालवायला लागले. आणि अशाच एका रविवारी मोठी प्रार्थना चालू होती, सगळ्यांच्या माना खाली, माझीही. बाक हलल्यासारखा वाटला म्हणून मी डोळे उघडले, तर शेजारी ओलेटा नाही.

ती मधल्या वाटेनं मागे चालत होती. हळू, निळ्या झग्यात, जसं काही कुणी तिला बोलावलं होतं. सगळ्या चर्चमध्ये तिला येताना बघणारा एकच माणूस होता. व्हर्लनचा चेहरा मी त्या क्षणी बघितला आणि मला माझ्या बहिणीच्या लग्नातला तो उंच काटकुळा मुलगा दिसला. नियम काय सांगतो ते त्याला ठाऊक होतं. तरी तो सरकला आणि त्यानं कडेची जागा तिला करून दिली.

ती बसली. त्याच्या उजव्या बाजूला, त्याला चिकटून. गारठली होती बिचारी. कुठल्याही बायकोनं करावं तसं तिनं सहज आपला हात त्याच्या खिशात घातला.

व्हर्लननं तिचं मनगट धरलं. पिस्तूल होतं त्या खिशात, भरलेलं. त्याला धरावंच लागलं. आणि पवनचक्क्यांचे नट आवळलेले हात ते, हलकं धरता येत नाही त्यांना.

ओलेटानं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्या कॉयरमधल्या स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "हात सोडा माझा. मी लग्न झालेली बाई आहे. माझा नवरा इथंच आहे कुठंतरी."

पास्टर अडखळला आणि पुन्हा पुढे बोलायला लागला. कुणी मान वर केली नाही, आमच्याकडे तेवढी रीत आहे.

व्हर्लननं मनगट सोडलं. तो उठून उभा राहिला आणि अनोळखी बाईशी बोलावं तसा अदबीनं म्हणाला, "चुकलं माझं. चला, तुम्हाला तुमच्या जागेवर सोडतो." त्यानं तिला हाताला न धरता, नुसतं शेजारून चालत माझ्यापर्यंत आणलं. ती बसली. तिच्या पलीकडे रिकामी जागा होती, आणि तो त्या जागेकडे बघत उभा राहिला. मग मागे दाराचा काहीतरी आवाज झाला, वारा असेल, आणि तो वळून आपल्या बाकाकडे गेला.

आमेन झालं. पियानो सुरू झाला. ओलेटाचे खांदे सरळ झाले आणि ती पहिल्या ओळीपासून गायला लागली, एकही शब्द न चुकता. दुसऱ्या कडव्यानंतर तिनं माझ्या कमरेत कोपर खुपसलं.

"जोडेल, मघाशी मागे एका माणसानं माझा हात धरला."

"हो का?"

"म्हातारा होता कुणीतरी. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं." तिनं मनगट चोळलं आणि आवाज आणखी खाली आणला. "व्हर्लनला सांगू नकोस हं. त्याच्याजवळ पिस्तूल असतं, आणि त्याचा नेम चुकत नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत."